चिठ्ठी निघेपर्यंत

मोन्तेविदेओच्या उत्तरेला, शेवटची बस जिथं वळून परत जाते,
तिथं आम्ही चौतीस घरं बांधली.
चौतीस कुटुंबांची सावड,
आठवड्याला घरटी एकवीस तास.
कुणी खाटीक, कुणी शाळेतली स्वयंपाकीण, मी शिवणकाम करणारी.
गवंडी म्हणावा असा एकच, म्हातारा ओलेगारिओ,
आणि त्याचेही गुडघे गेलेले.

ओळंबा धरायला त्यानं शिकवलं.
"दोरी खोटं बोलत नाही, निबिया.
तू फक्त तिला मध्येच उत्तर देऊ नकोस."

पहिल्याच सभेत हात वर करून ठरलं होतं:
कुणाचं घर कुठलं, ते शेवटी. चिठ्ठी टाकून.
तोवर प्रत्येक भिंत परक्याची
आणि प्रत्येक भिंत आपली.
विल्मार माझ्याशी तासांवरून भांडला
(मी वहीत तीन लिहिले, तो म्हणाला अडीच),
त्याच्याच न्हाणीघराचा उतार कदाचित मी काढत होते,
आणि मुद्दाम उलटा काढायची सोय नव्हती,
कारण ते न्हाणीघर माझंही निघू शकलं असतं.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
कुणाचं, ते म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.

त्याआधी एकोणीस वर्षं भाड्यानं काढली.
पाच घरं, दर घराला नवा जामीन शोधायचा.
शेवटच्या मालकिणीनं पंख्यासाठी पाडलेल्या दोन भोकांचे पैसे
अनामतीतून कापले,
आणि त्याच भोकांवर नवा पंखा लावून
पुढच्या भाडेकरूचं भाडं वाढवलं.
विकत घेणं?
बँकेतला मुलगा सभ्य होता.
वय विचारलं, कमाई विचारली,
मग पाण्याचा पेला पुढे सरकवला.

आता कागदावर मी 'वापरणारी'.
घर संस्थेचं. मला ते विकता येत नाही,
लेकीच्या नावे ठेवता येतं,
सोडून गेले तर घातलेले तास पैशांत मोजून परत.
बहीण विचारते, म्हणजे तू मालकीण का भाडेकरू?
मी म्हणते, वापरणारी.
रस्ता वापरतात तशी. चमचा वापरतात तशी.
तिला ते पटत नाही.
मलाही अजून रोज पटत नाही.

जुलैतली एक रात्र, राखणीची माझी पाळी.
नदीवरून वारा, उघड्या सळ्या एकमेकींवर वाजत होत्या,
मातेचं पाणी थर्मासमध्येच निवलं होतं.
नवव्या घराच्या खिडकीखाली संध्याकाळी रचलेला थर अजून ओला होता.
मी आईचा अंगुस्ताना खिशातून काढला,
विटेमागच्या मालात बोटानं खोल दाबला
आणि वरून थापी फिरवली.
का, ते सांगता येणार नाही.
नऊ नंबर मला लागेल असं वाटलं होतं,
एवढंच सांगता येईल.

चिठ्ठ्यांसाठी चर्चमधलं बिंगोचं फिरतं पिंप उसनं आणलं.
ओलेगारिओ नव्हता, मार्चमध्येच गेला.
त्याच्या बायकोनं हात घातला, अठरा निघालं,
आणि ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघत राहिली,
जणू मागे आणखी काही लिहिलेलं असेल.
मला सव्वीस.
नऊ विल्मारला.

तो कॉफीला बोलावतो. तासांचं अजून विसरलेला नाही.
मी खिडकीखालची खुर्ची धरते,
पाठ भिंतीला लावून बसते.
त्याला वाटतं, मला वारा लागतो.

परवा माझ्या खोलीत पंखा लावायला घेतला.
पहिलं भोक सरळ गेलं.
दुसऱ्याला दोन बोटं आत ड्रिल कशावर तरी घासलं,
बारीक, धातूचा आवाज.
सळी तिथं नाही, त्या भिंतीचा नकाशा मला पाठ आहे.

ड्रिल बंद केलं.
थोडा वेळ तशीच शिडीवर उभी राहिले.
मग दुसरं भोक वीतभर डावीकडे पाडलं.

पंखा जरा तिरका बसलाय.