शुक्रवारचं मीठ

दीडशे पोरांची डाळ माझ्या हातून शिजते
नवापूरच्या आश्रमशाळेत,
आणि चाळीस दिवसांतले शुक्रवार मी धरते.
सकाळी तोंड धुते, डोक्याला तेल लावते,
रोजच्यासारखीच दिसेन अशी.
कौतिकबाईला तरी कळलंच.
"तुमना उपासले काय चालस, बईन?"
पाणी, म्हटलं.
"साबुदाना बी नई?"
नाही.
"मंग हाऊ कसाना उपास!"
हसत हसत तिनं तिचा भगरीचा डबा
माझ्यापासून जरा लांब ठेवला.

खरं सांगते, आधीची कितीतरी वर्षं
माझा उपास शनिवारी फिटायचा.
दोन दिवसांचं एकाच ताटात वाढून घ्यायची,
वर लोणच्याची फोड.
पाळक काही म्हणाले नाहीत,
त्यांना माहीतच नव्हतं.
ज्याला माहीत होतं तोही काही बोलला नाही,
आणि त्याचं ते न बोलणं
ऐकू यायला मला चाळिशी उलटावी लागली.

तेव्हापासून शुक्रवारचं माझ्या वाट्याचं पीठ
वेगळ्या डब्यात.
डबा भरला की सरकारी दवाखान्यामागे जाते,
पेशंटसोबत आलेल्या बाया
तीन दगडांवर रांधतात तिथं.
नाव सांगत नाही. डबा परत मागते फक्त.

अडचण एकच. मीठ.
दीडशे पोरांची डाळ न चाखता कशी उतरवायची?
म्हणून मोगी.
अक्राणीची, सहावीतली,
आईबाप बारडोलीकडे ऊसतोडीला.
तिच्या घरचे देवमोगरेला जातात.
पळीतली डाळ फुंकून तिच्या तळहातावर सोडायची,
ती डोळे मिटून सांगायची: बरोबर.
किंवा: एक चिमूट अजून, मावशी.

एकदा तिनं विचारलं, तू उपाशी का?
उपाशी नाही गं, उपास आहे.
फरक काय?
मी डाळ घोटत राहिले.
फरक एवढाच, की माझ्या पाठीमागे
फळीवर भरलेला डबा होता.
तिच्यासमोर हे बोलता येईना.

चौथ्या शुक्रवारी मोहाची फुलं पडत होती,
वास थेट चुलीपर्यंत.
रिकाम्या पोटाला तो वास नुसता येत नाही,
नावानं हाक मारतो.
मोगी म्हणाली, बरोबर.
पंगतीत पहिल्याच घासाला
पोरांची तोंडं वाकडी.
डाळ अळणी. मीठ घालायचंच राहिलं होतं.

चाखलीस ना?
ती दाराच्या कडीशी खेळत राहिली.
"आज मी पण धरलाय.
मागचा पण."
कशाला गं?
"आई होळीला आली नाही.
तुझ्या देवाला सांगितलं.
आमच्याला पण सांगून ठेवलंय."

रागवायचं होतं मला.
पाठ असलेलं एकही वाक्य जिभेवर येईना.
टोपलीत एक भाकर उरली होती.
मोडली. अर्धी तिच्यापुढे केली.
ती घेईना.
मग माझी अर्धी मी खाल्ली,
भर दुपारी, सगळ्यांदेखत,
त्या अळणी डाळीत बुडवून.
तेव्हा तिनं हात पुढे केला.
कौतिकबाई बघत होती,
पहिल्यांदाच काही बोलली नाही,
उठून मिठाची बरणी आणून ठेवली
आमच्या मधोमध.

पुढचा शुक्रवार पुन्हा धरला.
आता मीठ मीच चाखते,
बोटावर एक थेंब, जिभेच्या टोकाला.
उपास मोडतो की राहतो
हे पाळकांना विचारलेलं नाही.
मोगीला समोर बसवते,
ताट रिकामं होईपर्यंत उठू देत नाही.

तिची आई अजून यायची आहे.
संध्याकाळी सुरतेकडची गाडी शिटी देते,
आम्ही दोघी हातातलं काम थांबवतो,
आणि फाटकाकडे कुणी वळलं नाही
अशी खात्री झाली
की मी पाण्याचा तांब्या उचलते.