एक चौकोन रिकामा

फहाहीलच्या इस्पितळात रात्रपाळी.
यंत्र रक्त फिरवतंय, मी चहात चमचा.
खिडकीत रिफायनरीची ज्योत, आणि स्क्रीनवर
एक तांबडं नाव : कासम तांडेल, बाणकोट.
पान वगळले. कारण : संदर्भ अपुरे.
वगळणारी : मी.

दोन वर्षं झाली. पाच सेकंदही लागले नसतील.
नळीत रक्त कमी भरलं की आम्ही लिहितो
'नमुना अपुरा', आणि पुढची नळी उचलतो.
तसंच.

परवा एक म्हातारा आला. बाही वर करता करता
माझ्या नावाची पट्टी वाचून मराठीत बोलायला लागला.
सत्तार सरगुरोह. किराणाच्या दुकानात हिशेब बघतात.
"बापाचं लिहिलं होतं बाई, मोबाईलवर, रात्री रात्री.
पान होतं. मग नव्हतं.
कोण पुसतं हो असं?"
मी म्हटलं, "मूठ घट्ट वळा."

पुसलेलं पुसलं जात नाही
हे आम्हा पाच-सहा जणांनाच ठाऊक.
आमच्याकडे किल्ली असते.
आज उघडलं :
एकेचाळीस आवृत्त्या, प्रत्येकीपुढे एक चौकोन.

पहिलीत एवढंच : माझे वडील गलबत चालवत.
सातवीत जाताना कौलं, बसऱ्याहून येताना खजूर.
बारावीत फक्त एक वेलांटी बदललेली,
तीही बरोबर होती ती चुकवून.
एकोणिसावीत :
'एका फेरीत खलाशांतला एक मुलगा पाण्यात पडला.
वडिलांनी गलबत उलटं फिरवलं नाही.'
विसावीत हे नाही.
मध्ये तीन मिनिटं.

तीन मिनिटं ते काय करत असतील?
दुकानाच्या वरच्या खोलीत, पाच खाटा,
चार माणसं झोपलेली,
आणि मोबाईलचा उजेड हाताने झाकून?

चाळीस चौकोनांत खूण केली.
एकोणिसाव्यावर बोट थांबलं,
मग पुढे गेलं.
त्यांचं त्यांनी पुसलं होतं. माझं मी पुसलं होतं.
दोन्ही एक नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं,
जरा मोठ्यानेच.

पुनर्स्थापनेचं कारण विचारतात.
'माझी चूक' लिहिलं, खोडलं.
मग लिहिलं,
संदर्भ : मुलगा.

पान परत आलं, वेलांटीसकट.
नोंदीत माझं नाव आता दोनदा.
यंत्र थांबलं तेव्हा चहा गार होता
आणि नळ्यांमध्ये रक्त खाली बसून
वर पिवळं, स्वच्छ पाणी.