राजाच्या नावे पाव किलो

सहा जानेवारीला आम्ही चांदरला दुपारीच पोचायचो.
टेम्पोत खाज्याचे चार डबे, तागडी, वजनं, रद्दीचा गठ्ठा
आणि आई, डब्यांना मिठी मारून बसलेली.
खड्डा आला की म्हणायची, गेला, खालच्या थराचा भुगा झाला.

इगर्जीसमोर जागा ठरलेली.
उजवीकडे चणेवाला, डावीकडे रोझालिनबाय, चोरिस-पाववाली.
तिचा धूर आमच्याकडे वळला की आई झाकणं लावी.
बाबा म्हणत, धुराला कसली गं जात?
पण तो पाव त्यांनी कधी खाल्ला नाही.
आमच्या खाज्याला चोरिसाचा वास लागला नाही,
शर्टांना मात्र चतुर्थीपर्यंत येई.

बेसनाच्या कांड्या तळणं सोपं.
कठीण तो गूळ, ठेचलेल्या आल्यासकट रटरटणारा.
जरा आधी घातल्या कांड्या तर खाजं ओलं,
जरा उशीर, तर दगड.
बाबा पाक बघत नसत. तोंड फिरवून ऐकत.
बुडबुड्यांचा आवाज जाड झाला की म्हणत, "हां."

त्या वर्षी मीस सुटलं, बँड सुरू झाला,
तीन राजे पायऱ्या उतरून आले,
आठ-नऊ वर्षांचे, मखमली झगे, पुठ्ठ्याचे मुकुट.
त्यांतला धाकटा गर्दीतून सटकला
आणि थेट आमच्या डब्यापुढे उभा.
"पाव किलो."
बाबांनी तोललं, वर एक कांडी ठेवली, पुडी बांधली.
राजाने झगा चाचपला, पुढून, मागून, मग परत पुढून.
राजांच्या झग्याला खिसे शिवत नाहीत.
"फुडल्या फेस्ताक दी, राजा," बाबा म्हणाले.
तो पळाला,
गुळाची बोटं मखमलीला पुसत.

वहीत त्या रात्रीची पाच-सहा नावं आहेत:
कायतान पाट्रांव, अर्धा. पोदेर, एक. मास्तरीण बाय, पाव, पुसलेलं.
शेवटी: राजा, पाव.
नाव विचारायचं राहून गेलं.

पुढच्या फेस्ताला राजे दुसरेच निघाले.
त्याच्या पुढच्याही.
ते दर वर्षी नवे असतात,
वहीला ते कुणी सांगितलं नाही.

यंदा बाबा नाहीत.
रोझालिनबायच्या तव्यावर तिची सून आहे.
मी पणजीच्या कचेरीतून दोन दिवसांची रजा काढली,
दोन घाणे वाया घालवले,
तिसऱ्याला डोळे मिटून कढईपाशी कान नेला.
भुवई जळली थोडी.

मीस सुटलं.
जहाजांवरून सुट्टीला आलेले तिशीतले बाप्ये,
खांद्यावर पोरं, मनगटावर जड घड्याळं.
मी त्यांचे चेहरे बघत नाही, हात बघतो.
एकजण म्हणाला, पाव किलो,
आणि खिसे चाचपू लागला, पुढून, मागून.
मग पाकीट सापडलं त्याला, पोराच्या हातात.

पुडी घेऊन तो गेला.
आई स्टुलावरून म्हणाली, एक कांडी जास्त गेली.
मी म्हटलं, ती वरची.