सहा पॉइंट

अप्पा बळवंत चौकामागच्या छापखान्यात
एकोणीस वर्षं काढली मी,
चार रंग एकमेकांवर नीट बसलेत का
हे भिंगातून बघत.
त्यामुळे मोहोळकर एजंट पत्रकं ठेवून गेला
तेव्हा आधी पाहिलं ते
अक्षर किती पॉइंटाचं.
'हसा मनसोक्त' : अठ्ठेचाळीस, ठळक.
हप्ता : चोवीस.
आणि अगदी तळाला, राखाडीवर राखाडी,
अटी. सहा पॉइंट.
सहा पॉइंटात कुणी लग्नपत्रिका छापत नाही.

रात्री धायरीच्या दोन खोल्यांत
ताटं उचलल्यावर तीन पत्रकं पसरली,
वीजबिलाच्या पाठीवर
पाच रकाने आखले.

नाना.
त्यांचे दात सरकारी.
खडकीच्या कारखान्यानं काढले, कारखान्यानंच बसवले.
कवळी आता झिजलीय, भाकरी कुस्करून खातात.
पत्रकात कवळीला 'कृत्रिम साधन' म्हटलंय
आणि कृत्रिम साधनं वगळलीत.
नाना म्हणाले, "मलाही वगळ.
चणे होते तेव्हा खाऊन घेतले मी."

निहार, वय सहा.
समोरचे दोन पडलेत, तिसरा जिभेनं हलवत बसतो.
दुधाच्या दाताचा विमा असतो का, त्यानं विचारलं.
आम्ही त्याचा दात वॉचमनच्या केबिनवर फेकला होता,
पत्रा टण्णकन वाजला होता.
तिथला उंदीर नवा देतो,
एकही कागद न मागता.
थांबायला मात्र तोही लावतो.

ऋता, तेरा.
सुळा शेजारच्या दातावर चढलाय,
हसताना हात तोंडावर जातो.
तांबोळी मॅडमनी तारेचे पंचेचाळीस हजार सांगितले,
सावकाश द्या म्हणाल्या.
तिन्ही पत्रकांत तार 'सौंदर्योपचार' या मथळ्याखाली,
म्हणजे नाही.
मी वर्गातला फोटो काढून पाहिला.
तिसऱ्या रांगेत एक हात, त्यामागे माझी मुलगी.

मी.
सुपारी सोडून दोन वर्षं, असं लिहिलं.
सुलक्षणानं नुसतं पाहिलं.
खोडून सात महिने केलं.

मग गणित.
वर्षाला सहा हजार दोनशे,
पाच जणांत मिळून पंधरा हजारांची मर्यादा.
पहिल्या वर्षी फक्त सफाई आणि एक्स-रे,
रूट कॅनॉल दुसऱ्या वर्षापासून, तोही अर्धाच.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आपलं नाही भरत.

शेवटच्या पानावर प्रश्न होता :
सध्या कुणाला काही दुखणं? होय / नाही.
"नाही," सुलक्षणा म्हणाली,
जरा जास्तच पटकन.

"आई डावीकडूनच चावते,"
ऋता वहीतून मान वर न काढता म्हणाली.
"दिवाळीपासून. चकल्या चहात बुडवून खाल्ल्या हिनं."

फ्रिज तेवढा घुरघुरत राहिला.
"आधी पोरीची तार," सुलक्षणा म्हणाली,
"माझं काय, लवंग धरते मी."
किती लवंगा, ते मी विचारलं नाही.
मसाल्याच्या डब्यातली ती वाटी
रिकामी दिसली होती मला दोनदा,
मी पुलावाला जबाबदार धरलं होतं.

खिशातलं भिंग काढलं.
"आ कर."
"वेडे आहात का?"
"आ कर."
निहारनं मोबाइलचा उजेड धरला,
फार गंभीरपणे.
उजवीकडे, खाली, मागून दुसरी दाढ :
एक काळा ठिपका. सहा पॉइंटाचा असेल.
एवढ्या बारीक अक्षरात
ही बाई दिवाळीपासून काहीतरी सांगत होती
आणि मी चरितार्थाला बारीक अक्षरं वाचतो.

'होय'वर खूण केली, दोनदा गिरवली.
मोहोळकर म्हणेल, साहेब, होय म्हटलंत
तर त्या दाढेचं काही मिळणार नाही.
न मिळो.
शनिवारी कात्रजच्या कॉलेजात जायचं,
शिकाऊ मुलं करतात, वेळ लागतो, पैसे कमी लागतात,
साडेआठच्या आत नंबर लावला तर.
सही अजून केलेली नाही.
सहा हजार दोनशे डब्यात टाकायचे की कंपनीत,
यावर नानांचं एक मत आहे आणि तिचं दुसरं.

झोपताना कागद उलटा करून पाहिला.
वीजबिलाची शेवटची तारीख
कालची होती.