पेडलचं रबर

गाडीखाली उताणा पडूनच इराप्पानं सांगितलं,
"अक्का, वरनं चांगलं हाय. खाली कुजलंय."
स्क्रूड्रायव्हर टेकवला पत्र्याला
आणि तो आत गेला,
पिकल्या पपईत सुरी जावी तसा, आवाजही न करता.

अडतीस हजार. पत्रा, सायलेन्सर, क्लच प्लेट.
हेड गॅस्केट "बघून सांगतो".
त्या बघण्यात आणखी किती हजार मावतात
ते उद्यमबागेत कुणालाही विचारा.

बावीस वर्षं या ओम्नीतनं डबे जातात,
फाउंड्रीच्या तीन गेटांवर,
एकशे चाळीस, अकराच्या आत.
मागच्या सीटा कधीच काढल्या,
त्या घरी टीव्हीसमोर आहेत, पाहुणे बसतात.
छताला आमटीचा वास.
दार आधी जरा उचलायचं, मग ओढायचं,
नव्या पोराला एवढं शिकायला आठवडा जातो.
इंजिन माझ्या बुडाखाली.
मे महिन्यात मी त्याला शिव्या घालते,
डिसेंबरात, कॅम्पातल्या धुक्यात,
त्याच्याइतकी माया मला कुणी लावत नाही.

"वीक की ती," कल्लाप्पा म्हणाले.
हिशेब त्यांचा. लाइट बिलाच्या पाठीवर,
मधे रेघ मारून, डावीकडे जुनी, उजवीकडे दुसरी जुनी.
निपाणीत बाळू शिप्पूरकरकडं ईको आहे,
एक लाख पासष्ट, एम एच झिरो नाईन.
म्हणजे एनओसी कोल्हापूरची,
टॅक्स बेळगावात भरायचा,
फॉर्म कन्नडात, एजंट मराठीत.
माझी धाकटी जाऊ कागलची.
ती आली तेव्हा नुसता नारळ लागला होता.

ईको पांढरी, पुसलेली, अगरबत्ती लावलेली.
"डॉक्टरची आहे वहिनी, रविवारीच काढायचे."
मीटरवर एक्केचाळीस हजार.
कल्लाप्पांनी टायरला लाथ मारली, सगळे पुरुष मारतात तशी.
मी आत बसले आणि क्लच दाबला.

रबर गुळगुळीत. एका कडेला तर लोखंड वर आलेलं.
माझं असं व्हायला दोन लाख किलोमीटर गेले.
आधी अंगठ्याखालची नक्षी गेली,
मग मधली, आणि एक दिवस पावसात पाय सटकला.
हा पाय डॉक्टरचा नव्हता.
हा थांबत थांबत जाणारा पाय होता,
दुधाच्या क्यानांचा, नाहीतर शाळेच्या पोरांचा,
दारोदार दाबलेला, सोडलेला, परत दाबलेला.
तो माणूस आता काय चालवत असेल?
बाळूला मी काही बोलले नाही.
उतरताना दार उचलायला गेले,
ते आपसूकच सरकलं. मला लाजल्यासारखं झालं.

परत येताना वंटमुरी घाटात काटा लालवर.
कडेला घेतली. सीट उचलली.
प्यायचं पाणी होतं, तेच ओतलं,
ती फुसफुसली बराच वेळ, माझी सासू रागावली की करायची तशी.
ट्रक जात होते, आम्ही हलत होतो प्रत्येक ट्रकबरोबर.
कल्लाप्पा हिशेबाच्या कागदानं वारा घेत होते,
कधी स्वतःला, कधी इंजिनला.

काकतीपर्यंत कुणीच बोललं नाही.
मग मी म्हटलं, "पत्रा तेवढा करू. बाकीचं दिवाळीनंतर."
"आणि ईको?"
"पेडलला नवं रबर घालून विकेल की तो. विकू दे."
त्यांनी कागदाची घडी केली,
टाकून नाही दिली, खिशात ठेवली.

सोमवारपासून ती इराप्पाकडं, चार दिवस म्हणालाय.
डबे भाड्याच्या टेम्पोतनं जातात.
दुसऱ्या गेटवरचा फिटर म्हणाला, "मावशी, आमटी गार हाय आज."
मी ऐकून घेतलं.
परत निघाले, ड्रायव्हरशेजारी बसून,
प्रत्येक वळणावर डाव्या पायानं
नुसती फरशी दाबत.

गोगटे सर्कलला फोन वाजला. इराप्पा.
"अक्का, गॅस्केट बघितलं."