वेळ मारून नेणे

हर्णैत, बर्फाच्या कारखान्यावर, माझा वर्ग.
खाली मशीन धडधडतं, वर खडू थरथरतो.
इद्रिस सोलकर, तांडेल, वय एकोणपन्नास,
परदेशी जहाजावर कुक व्हायचंय म्हणून इंग्रजी.
वहीला कोलिमाचा वास.

फळ्यावर मी लिहिलं, ‘किल टाइम’.
तो लगेच : वेळ मारून नेणे!
नाही, म्हटलं, ते आपण बर्फाचं बिल थकल्यावर करतो.
हे म्हणजे नुसतं बसणं.

मग बराच वेळ तो नुसता बसला.

आंजर्ल्यासमोर इंजिन गेलेलं, बाई.
सुकती खोलात ओढत होती, अकरा तास.
नुसतेच बसलेलो आम्ही, सात जण.
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती...
म्हणजे, सहा जणांची.
ह्याला काय म्हणतात तुमच्यात?

‘इन द निक ऑफ टाइम’,
मी खडू न उचलता म्हटलं.

निक म्हणजे?

खाच.

त्याने उजवा अंगठा ट्यूबलाइटखाली धरला.
दोर जिथून सुटला होता
तिथे ती होती,
पांढरी, बुजत आलेली.
स्पेलिंग सांगा, म्हणाला.