झेड ड्राइव्ह

रात्री विंडोज नवं झालं. सकाळी
झेडवर लाल फुली.
आत अकरा वर्षांची लग्नं,
नंदगड, बिडी, लोंढा, गर्लगुंजी.

डबा जिवंत आहे. हिरवा दिवा लुकलुकतो,
पिंग मारला की चारही उत्तरं येतात,
खरं दार उघडत नाही.
भरमाण्णा म्हणतात, "वायर हलीव की जरा."
हलवली.

गोकाकहून ईरय्या फोनवर:
"तुमचा डबा जुनी बोली बोलतोय री,
नव्याला ती चालत नाही.
आणि पाहुणा म्हणून आत सोडत नाहीत आता.
नाव सांगा, पासवर्ड सांगा."

अकरा वर्षं आम्ही पाहुणेच होतो तर.

जुनी बोली चालू करायचा खटका
त्यानं चार खिडक्या आत दाखवला.
"तात्पुरतं हं," म्हणाला.
पासवर्ड निघाला डब्याच्या पोटाखाली,
रुद्राप्पानं जाताना डकवलेला, कन्नड आकड्यांत.
ते मी बसच्या पाट्यांवरून शिकलोय,
तरी सहा की नऊ?
दुसऱ्यांदा लागलं.

चारला पाटणेकर येतील,
आईचा एकटीचा फोटो मागायला.
एकटीचा एकही नाही.
पंगतीत वाढताना आहे एक,
थोडा हललेला.